फिट कधी उजवीकडे, कधी डावीकडे: ड्राव्हे सिंड्रोमच्या एका बाळाचं निदान

साडेसात महिन्यांचा मुलगा, वजन ७.२ किलो. पूर्ण दिवसांचा, जन्मल्या जन्मल्या रडलेला. आईवडिलांचं लग्न नात्यातलं नाही, घरात कुणाला अपस्मार नाही. मान वेळेवर धरली, पालथा पडतो, हाक मारली की वळून बघतो. तालुक्याच्या रुग्णालयाने मोठ्या केंद्राकडे पाठवताना चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘तापातल्या फिट्स, वारंवार, औषधाला दाद नाही.’ सोबत तीन कागद होते. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल, पाठीतलं पाणी नॉर्मल.

हे बाळ प्रातिनिधिक आहे. ड्राव्हे सिंड्रोम म्हणजे पहिल्या वर्षात सुरू होणारा, बहुतेकदा जनुकातल्या बदलामुळे होणारा गंभीर अपस्मार. ड्राव्हे सिंड्रोमच्या मुलांच्या पहिल्या वर्षात जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, तो इथे एकाच बाळाच्या इतिहासात मांडला आहे. डोस विचार समजावा म्हणून दिले आहेत. ते घरच्या घरी बदलायचे नाहीत.

हा आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत साधारण १५,७०० जन्मांमागे १ असं प्रमाण आढळलं. तरी त्याचं निदान राहून जातं ते केवळ दुर्मीळपणामुळे नव्हे. पहिल्या वर्षात महागड्या तपासण्या बहुतेक वेळा काहीच दाखवत नाहीत आणि जे दाखवतं, म्हणजे फिट्सचा तपशीलवार इतिहास, तो नीट विचारलाच जात नाही.

इतिहासात काय होतं

पहिली फिट बाळ साडेचार महिन्यांचं असताना आली. पेंटाव्हॅलंट लशीचा तिसरा डोस चौदा आठवड्यांऐवजी थोडा उशिरा दिला गेला. त्याच संध्याकाळी अंग तापलं (३८.२ अंश सेल्सिअस) आणि उजवा हात व उजवा पाय झटके देऊ लागले. रुग्णालयात इंजेक्शन दिल्यावर थांबले तोपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती. शेरा पडला: लशीमुळे तापातली फिट.

हा शेरा तिथल्या तिथे तपासता आला असता. साधी तापातली फिट म्हणण्यासाठी वय सहा महिने ते पाच वर्षं असावं लागतं, फिट सगळ्या अंगाला यावी लागते, पंधरा मिनिटांच्या आत थांबावी लागते आणि चोवीस तासांत परत यायला नको. या बाळात पहिल्या तिन्ही अटी मोडल्या होत्या. वय कमी, फिट एका बाजूची, वेळ पंचवीस मिनिटं. लस दिली होती म्हणून सगळ्यांचं लक्ष लशीकडे गेलं आणि फिटच्या स्वरूपाकडे कुणी पाहिलं नाही.

दुसरी फिट सहाव्या महिन्यात आली. सर्दी आणि ३७.९ अंश, म्हणजे ताप म्हणावा की नाही इतपतच. या वेळी झटके डाव्या बाजूला होते आणि फिट चाळीस मिनिटं चालली. तिला थांबवण्यासाठी मिडाझोलॅमनंतर फेनिटॉइन द्यावं लागलं. एमआरआय आणि ईईजी याच वेळचे.

बाजू बदलली ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती. मेंदूच्या एका ठरावीक जागी जखम, गाठ किंवा रचनेतला दोष असेल तर फिट सहसा त्याच बाजूने येत राहते. ती एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे येते, एमआरआय स्वच्छ असतो आणि बाळाची वाढ छान असते, तेव्हा दोष एका जागेचा नसून सगळ्या मेंदूभर पेशींच्या कामकाजाचा आहे असं समजावं. पण पहिल्या रुग्णालयाच्या कागदावर ‘उजवी बाजू’ आणि दुसऱ्याच्या कागदावर ‘डावी बाजू’ होती. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते.

औषध दिलं आणि फिट्स वाढल्या

दुसऱ्या फिटनंतर ऑक्सकार्बाझेपिन सुरू झालं. निर्णय पाठ्यपुस्तकाला धरून होता. फिट एका बाजूची म्हणून फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी, आणि फोकल फिटसाठी ऑक्सकार्बाझेपिन हे नेहमीचं, चांगलं औषध. दोन आठवड्यांत चित्र बिघडलं. ताप नसताना फिट्स येऊ लागल्या, आठवड्यातून दोन-तीन. झोपेतून उठताना खांदे दचकल्यासारखे उडू लागले. डोस वाढवला, तसं दचकणंही वाढलं.

यामागची गोष्ट समजली की बाकी सगळं जुळतं. ड्राव्हेत बहुतेक वेळा एससीएन१ए या जनुकात दोष असतो. ते गुणसूत्र २ वर आहे. मेंदूच्या पेशींमध्ये विद्युतसंदेश सुरू करणारी एक सोडियम वाहिनी त्यावरून बनते. ही वाहिनी मुख्यतः आवरणाऱ्या पेशींना लागते, म्हणजे इतर पेशींचा अतिरेक थांबवणाऱ्या पेशींना. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की वाहिन्या निम्म्याच बनतात, आवरणाऱ्या पेशी वेळेवर संदेश पाठवू शकत नाहीत आणि बाकीच्या पेशी मोकाट सुटतात. शरीराचं तापमान वाढलं की ही उणीव उघडी पडते, म्हणून ताप हे पहिलं निमित्त ठरतं.

ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन ही सगळी सोडियम वाहिन्या अडवून काम करतात. जिथे आधीच निम्म्या वाहिन्या आहेत तिथे उरलेल्याही अडवल्या तर आवरणाऱ्या पेशी आणखी लंगड्या पडतात. औषध द्यावं आणि फिट्स वाढाव्यात, हा या बाळात औषधाचा अपयशी प्रयोग नव्हता. ती निदानाची खूण होती. नेदरलँड्समधल्या २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्या पाच वर्षांत ही औषधं जितका जास्त काळ चालली, तितकी पुढे मुलांची बौद्धिक स्थिती खालावलेली होती. लवकर निदानाचा सर्वांत रोकडा फायदा हाच: चुकीचं औषध लवकर थांबतं.

अपस्मार म्हणजे एकच आजार आणि औषधं अदलाबदलीची, असं धरून चालत नाही. एससीएन२ए, एससीएन८ए किंवा केसीएनक्यू२ या जनुकांमुळे अगदी लहान वयात सुरू होणाऱ्या काही अपस्मारांत हीच सोडियम वाहिनी अडवणारी औषधं उत्तम लागू पडतात. जनुक कळल्याशिवाय औषध निवडणं म्हणजे अंदाज, आणि तो दोन्ही दिशांना चुकू शकतो.

न्हाणीतली फिट

साडेसातव्या महिन्यात तेल लावून आंघोळ घालताना फिट आली, ताप नसताना. मोठ्या केंद्रात हा प्रश्न मुद्दाम आजीला विचारला गेला, कारण बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या त्याच.

“आजी, पाणी किती गरम घेता?”

“चांगलं कढत. त्याशिवाय बाळाचं अंग मोकळं होत नाही. मग धुरी देऊन गुंडाळून ठेवते.”

आपल्याकडची बाळाची आंघोळ अशीच असते: मालिश, बंद न्हाणीत वाफाळतं पाणी, मग धुरी आणि घट्ट दुपटं. निरोगी बाळाला ते सोसतं. या आजारात मात्र याने शरीराचं तापमान अर्धा-एक अंश वाढलं तरी पुरतं. आजी फिटला कारणीभूत नव्हत्या, हे त्यांना त्याच बैठकीत स्पष्ट सांगणं गरजेचं होतं आणि सांगितलंही गेलं. नाहीतर घरात दोष देणं सुरू होतं आणि पुढच्या वेळी खरी माहिती मिळत नाही.

इथे एक गल्लत होऊ शकते. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावर गरम पाणी ओतल्याने येणारा अपस्मार चांगला परिचित आहे. तो सहसा मोठ्या मुलांत व तरुणांत दिसतो आणि त्याचा पुढचा प्रवास बराच सौम्य असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला, त्यातही आधी लांबलेल्या एका बाजूच्या फिट्स येऊन गेलेल्या बाळाला, ते लेबल लावू नये.

गुण मोजले तेव्हा

२००८ मध्ये जपानमधल्या ओकायामा येथील डॉक्टरांनी वर्षाच्या आतल्या बाळांसाठी एक सोपी गुणपद्धत मांडली. सुरुवात सात महिन्यांच्या आत: २ गुण. एकूण पाच किंवा जास्त फिट्स: ३. अर्ध्या अंगाची फिट: ३. दहा मिनिटांपेक्षा लांबलेली फिट: ३. गरम पाण्याने आलेली फिट: २. फोकल फिट: १. दचकल्यासारखे झटके: १. सहा किंवा जास्त गुण आले तर ड्राव्हेची शक्यता मोठी.

या बाळाचे साडेसात महिन्यांना किमान चौदा गुण होत होते. महत्त्वाचं हे की पहिल्याच फिटनंतर आठ होत होते: वय २, अर्धं अंग ३, लांबलेली ३. एका फिटवर लगेच जनुकीय तपासणी करावी का, यावर मतभेद होऊ शकतात. आमचं मत असं की पहिल्या अशा फिटनंतर किमान कागदावर शंका लिहावी आणि सोडियम वाहिनी अडवणारं रोजचं औषध टाळावं. दुसऱ्या फिटनंतर, विशेषतः बाजू बदलली असेल तर, रक्त पाठवायला एक दिवसही थांबू नये. ईईजी बिघडण्याची किंवा विकास मंदावण्याची वाट पाहणं म्हणजे दुसऱ्या वर्षापर्यंत थांबणं.

गुणांकडे जाण्याआधी साध्या गोष्टी तपासल्याच पाहिजेत. रक्तातली साखर, सोडियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. आईला ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर आपल्याकडे याच वयात कॅल्शियम घसरून फिट्स येतात आणि त्या पूर्ण बऱ्या होणाऱ्या असतात. पाठीतलं पाणी काढलंच तर त्यातली साखर आणि त्याच वेळची रक्तातली साखर यांची तुलना करावी. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर ग्लूट१ची (मेंदूत साखर नेणाऱ्या प्रथिनाची) कमतरता हा वेगळा, किटोजेनिक म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय आहाराने आटोक्यात येणारा आजार शोधावा लागतो. मुलगी असती आणि तापात लहान लहान फिट्सची रांग लागत असती, तर पीसीडीएच१९ जनुकाचा विचार आधी आला असता.

रक्त पाठवताना

ईडीटीए असलेल्या जांभळ्या टोपणाच्या नळीत बाळाचं २ ते ३ मिली रक्त. आईवडिलांचेही नमुने त्याच दिवशी घेतले गेले. त्याचा उपयोग नंतर झाला. चाचणी अपस्माराच्या जनुकांचं पॅनेल किंवा क्लिनिकल एक्सोम (दोन्हींत अनेक जनुकं एकदम वाचली जातात), आणि अहवालाला साधारण तीन ते सहा आठवडे.

चुका होतात त्या फॉर्मवर. ‘फिट्स’ एवढंच लिहून नमुना गेला तर प्रयोगशाळेसमोर हजारो बदलांचा ढीग असतो आणि कशाकडे आधी पाहायचं ते कळत नाही. या फॉर्मवर लिहिलं होतं: सुरुवात साडेचार महिने, लशीनंतरच्या तापात, अर्ध्या अंगाच्या लांबलेल्या फिट्स, बाजू बदलती, गरम पाण्याने फिट, ऑक्सकार्बाझेपिनने वाढ, विकास व एमआरआय नॉर्मल, एससीएन१ए कडे विशेष लक्ष द्यावं. दुसरी चूक अहवाल ‘निगेटिव्ह’ आल्यावर होते. जनुकाचा एखादा तुकडाच गायब किंवा दुप्पट झाला असेल तर अशा चाचणीतून तो निसटू शकतो. त्यासाठी एमएलपीए ही वेगळी चाचणी मागावी लागते. लक्षणं पक्की असतील तर एका निगेटिव्ह अहवालावर ड्राव्हे नाही असं म्हणू नये. निदान शेवटी लक्षणांवर ठरतं. सुमारे ८० ते ९० टक्के मुलांतच एससीएन१ए मध्ये बदल सापडतो.

उलट चूकही आहे. एससीएन१ए मधला प्रत्येक बदल म्हणजे ड्राव्हे नव्हे. वडिलांना लहानपणी तापात दोन-चार फिट्स आल्या होत्या आणि तोच बदल बाळात आहे, अशा घरांत आजार बऱ्याचदा खूप सौम्य असतो. ‘अर्थ अनिश्चित’ शेरा असलेला बदल आला तर तो आईवडिलांत आहे का हे पाहिल्याखेरीज पालकांना निष्कर्ष सांगू नये.

या बाळाचा अहवाल चौथ्या आठवड्यात आला. एससीएन१ए च्या एका प्रतीत असा बदल होता की प्रथिन अर्ध्यातच तुटतं. वर्गीकरण ‘रोगकारक’. आईवडिलांच्या रक्तात तो नव्हता. म्हणजे बदल नव्याने झालेला, आणि या आजारात दहापैकी नऊ मुलांत असंच असतं.

अहवाल येईपर्यंतचे चार आठवडे

उपचार अहवालासाठी थांबवले नाहीत. ऑक्सकार्बाझेपिन एकदम न तोडता आठवडाभरात उतरवलं. त्याच वेळी क्लोबाझॅम सुरू केलं: ५ मिग्रॅ गोळीचा पाव भाग आधी रात्री, चार दिवसांनी दोन वेळा. दिवसाला २.५ मिग्रॅ, म्हणजे किलोमागे साधारण ०.३५ मिग्रॅ. लाळ वाढते, बाळ पेंगतं, दूध पिताना ठसका लागू शकतो. हे आईला आधीच सांगितलं.

व्हॅल्प्रोएट हे या आजारातलं पहिल्या फळीचं औषध. तरीही ते लगेच दिलं नाही. दोन वर्षांखालच्या बाळात पीओएलजी जनुकाचा मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) आजार असेल तर व्हॅल्प्रोएटने यकृत निकामी होऊ शकतं, आणि तो आजारही लांबलेल्या फिट्सनीच सुरू होऊ शकतो. लॅक्टेट, अमोनिया आणि यकृताच्या चाचण्या केल्या. पॅनेलमध्ये पीओएलजी स्वच्छ आल्यावर ४० मिग्रॅ प्रति मिलीच्या सिरपने सुरुवात केली: ०.९ मिली दोन वेळा, किलोमागे दिवसाला १० मिग्रॅ. तीन आठवड्यांत ते २५ पर्यंत नेलं. अपुरं पडलं तर पुढे स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन, कॅनाबिडिऑल आणि किटोजेनिक आहार आहेत. स्टिरिपेंटॉल जोडताना क्लोबाझॅम कमी करावं लागतं, कारण त्याचं शरीरात बनणारं रूप रक्तात साचतं. फेनफ्लुरामिन देताना आधी आणि नंतर ठरावीक अंतराने हृदयाचा एको आवश्यक.

ड्राव्हे बरा होत नाही. औषधांनी लांबलेल्या फिट्स कमी होतात आणि अतिदक्षता विभागाच्या वाऱ्या घटतात. पण अधूनमधून फिट येतेच, हे पहिल्याच भेटीत प्रांजळपणे सांगावं. झोपेत अचानक मृत्यूचा धोकाही या मुलांत इतर अपस्मारांपेक्षा जास्त असतो. तोही लपवू नये. बाळ पालकांच्या खोलीतच झोपावं हा सल्ला त्यातूनच येतो.

घरी काय ठरलं

फिट पाच मिनिटं चालली की नाकातला मिडाझोलॅम स्प्रे. डोस किलोमागे ०.२ मिग्रॅ, म्हणजे या वजनाला सुमारे दीड मिग्रॅ. ०.५ मिग्रॅच्या बाटलीतून तीन फवारे, एका नाकपुडीत दोन आणि दुसरीत एक. बाजारात १.२५ मिग्रॅ प्रति फवाऱ्याचीही बाटली मिळते. तीच तीन वेळा मारली तर अडीचपट डोस जाऊन श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर फवाऱ्यांच्या संख्येसोबत बाटलीची तीव्रता मोठ्या अक्षरात लिहिली. नवी बाटली आधी हवेत दाबून भरून घ्यायची. वजन वाढेल तसा दर तीन महिन्यांनी हिशेब नव्याने.

एक पत्र घराच्या दाराशी, एक आईच्या पिशवीत, एक आशाताईंकडे. त्यात मराठी आणि इंग्रजीत निदान, वजन, चालू औषधं आणि रुग्णालयासाठी क्रम: मिडाझोलॅम किंवा लोराझेपॅम, न थांबल्यास लेव्हेटिरासेटॅम किलोमागे ४० ते ६० मिग्रॅ शिरेतून. फेनिटॉइन व फॉस्फेनिटॉइन टाळा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर पालकांनी हे तोंडी समजावून सांगणं शक्य नसतं.

आंघोळ मोकळ्या हवेत, कोमट पाण्याने, पाच मिनिटांत. धुरी आणि गुंडाळणं बंद. मालिश चालू राहिली, आजींचं ते काम कुणी काढून घेतलं नाही.

लशींबद्दल घरचा निर्णय झाला होता: आता एकही नको. इथे बराच वेळ दिला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लशीमुळे मेंदूला इजा झाली असं मानल्या गेलेल्या चौदा रुग्णांची तपासणी केली, तेव्हा अकरा जणांत एससीएन१ए चा बदल निघाला. लशीच्या तापाने पहिली फिट लवकर दिसली, एवढंच. लस नसती तर सर्दीने दिसली असती, आणि गोवराचा ताप तर याहून कितीतरी मोठा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस द्यायचीच ठरली. तिचा ताप त्याच दिवशी न येता पाचव्या ते बाराव्या दिवसांत येतो, म्हणून तो सगळा आठवडा थर्मामीटर, स्प्रे आणि पॅरासिटॅमॉल हाताशी. पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिग्रॅ असतं आणि सिरपच्या पाच मिलीत १२०, त्यामुळे बाटली बदलली की माप बदलतं. त्या काळापुरता क्लोबाझॅमचा डोस वाढवायचा का, हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील.

विकास आज वयाप्रमाणे आहे. या आजारात तो दुसऱ्या वर्षापासून मंदावू लागतो. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर उपचार केंद्रात नाव आत्ताच नोंदवलं, दर तीन महिन्यांनी चाचणी आणि बोलण्या-चालण्यावर उपचार. बाळ मागे पडेपर्यंत नाव नोंदवायला थांबायचं नाही.

पुढचं मूल

आईचा प्रश्न शेवटी आला आणि दबक्या आवाजात आला: दुसरं बाळ झालं तर? रक्तात बदल सापडला नाही म्हणून धोका शून्य नाही. काही पालकांच्या शरीरातल्या काहीच पेशींत, बीजपेशींसह, तो बदल असू शकतो आणि नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. धोका लहान आहे, पण सामान्य जोडप्यापेक्षा जास्त. बाळातला बदल नेमका माहीत असल्यामुळे पुढच्या गर्भारपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींचा छोटा नमुना घेऊन तोच एक बदल तपासता येतो. आनुवंशिक आजारांसाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. त्यासाठी अहवालातली बदलाची अचूक नोंद लागते, म्हणून मूळ अहवालाची प्रत आईच्या फाइलमध्येही लावली.